एंजिनाची नाडीपरीक्षा

वैद्य रोग्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवतो, त्याची जीभ पाहतो, पोटावर हळूच दाबून पाहतो आणि मग औषध सांगतो. आत काय बिघडले आहे ते पाहण्यासाठी रोग्याचे पोट फाडण्याची वेळ क्वचितच येते. यंत्राच्या बाबतीत मात्र पुष्कळांची समजूत निराळी असते. यंत्र बिघडले की खोलावे, मोडलेला भाग शोधावा आणि बदलावा. यात निदान ते कसले, असे त्यांना वाटते. डिझेल एंजिनाच्या सहवासात ज्यांनी वर्षे काढली आहेत, ते कसबी मिस्त्री असे म्हणत नाहीत. एंजिन खोलणे ही त्यांच्या कामातील शेवटची पायरी असते, पहिली नव्हे.

पुणे शहराला ही विद्या चांगली परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार केले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्याला लागून असलेल्या खडकी येथे डिझेल एंजिनांचा कारखाना उभारला. तेथील लहान लहान एंजिने विहिरींवर, गुऱ्हाळांत आणि पिठाच्या गिरण्यांत जाऊन बसली. मोट ओढणाऱ्या बैलांच्या मानेवरचे जू कित्येक ठिकाणी या एंजिनांनी उतरविले. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली व विजेच्या मोटारी आल्या, तरी डिझेल एंजिनाचे काम संपले नाही. अचानक वीज गेली असता रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा दिवा ज्याच्या जोरावर तेवत राहतो, ते बहुधा डिझेल एंजिनच असते. असे एंजिन ऐन वेळी अडून बसले, म्हणजे नुसता खोळंबा होऊन भागत नाही.

एंजिनाच्या पोटात काय चालते, हे आधी समजले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग या शहरी आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्याची कल्पना साधी होती. सायकलच्या चाकात जोराने हवा भरताना पंपाचा तळ तापतो, हे पुष्कळ मुलांनी अनुभविले असेल. हवा दाबली की तापते. डिझेलच्या एंजिनात सिलिंडर नावाचे एक भक्कम नळकांडे असते आणि त्यात एक दट्ट्या खालीवर सरकतो. मिस्त्री त्याला पिस्टन म्हणतात. दट्ट्या वर येताना सिलिंडरातील हवा इतकी दाबतो, की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्याच क्षणी एका बारीक पिचकारीतून डिझेल तेलाचे तुषार आत उडतात. पिचकारीला कारखान्यात नोझल म्हणतात. काडी नाही, ठिणगी नाही; नुसत्या तापलेल्या हवेने ते तेल पेटते, दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो आणि त्याला जोडलेला दांडा खालचा वाकडा आस, म्हणजे क्रँक, फिरवितो.

डिझेल एंजिनाचे सारे जीवित या कोंडलेल्या हवेवर आहे. हवा कोठून निसटू लागली, तर ती पुरेशी तापत नाही. ती तापली नाही, तर तेल नीट पेटत नाही. म्हणून दट्ट्याभोवती लोखंडी कड्या, म्हणजे रिंगा, बसविलेल्या असतात. वरच्या बाजूच्या दोन झडपा, एक हवा आत येण्याची व दुसरी धूर बाहेर जाण्याची, आपापल्या बैठकीवर घट्ट बसाव्या लागतात. सिलिंडर व त्याचे डोके, म्हणजे हेड, यांच्यामध्ये गॅस्केट नावाची एक पातळ चकती दाबून बसविलेली असते; तिने हवा, पाणी आणि वंगणतेल यांना आपापल्या जागी ठेवावयाचे असते.

या साऱ्या भागांना सोसावे तरी किती लागते? खडकीच्या कारखान्याच्या 'एव्ही १' या प्रसिद्ध एंजिनाचे उदाहरण घेता येईल. त्याला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर. शक्ती ५ अश्वशक्ती आणि फेरे मिनिटाला १५००. दर दोन फेऱ्यांना एकदा तेल पेटते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा व आठ तासांच्या एका पाळीत ३,६०,००० वेळा. तेवढ्या वेळात दट्ट्या खालीवर करून जेवढे अंतर कापतो, ते १५८ किलोमीटर भरते. पुण्याहून निघालेला प्रवासी इतक्यात मुंबईला पोहोचला असता. आणि हा प्रवास होतो तो केसाच्या जाडीइतक्या फटीत, वंगणतेलाच्या पातळ थरावरून. हा थर तुटला, किंवा त्यात धूळ शिरली, की धातूवर धातू घासू लागतो.

मग एंजिन लगेच खोलून का पाहू नये? पहिले कारण असे, की एकत्र चालणारे भाग झिजत झिजत एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. त्यांची बसलेली घडी एकदा मोडली, की ती पुन्हा तशीच बसेल असे सांगता येत नाही. दुसरे कारण धुळीचे. उघड्या रानात एंजिन खोलले, तर वाऱ्याबरोबर आलेली चिमूटभर माती आत जाते आणि नव्या कड्यांनाही खाऊन टाकते. तिसरे कारण शेतकऱ्याला सर्वांत आधी आठवते, ते म्हणजे वेळ आणि पैसा.

म्हणून बाहेरूनच पाहावयाचे. धुराड्यातून निघणारा धूर सर्वांनाच दिसतो. निरोगी एंजिनाचा धूर जवळजवळ दिसतच नाही. धूर काळा येत असेल, तर तेल जास्त व हवा कमी असे समजावे. हवेची गाळणी तुंबली असेल, पिचकारी तुषारांऐवजी थेंब टाकीत असेल, किंवा एंजिनावर झेपेल त्याहून अधिक ओझे घातले असेल. यांपैकी एकाही कारणासाठी एंजिन खोलावे लागत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. निळसर धूर अधिक काळजीचा. वंगणतेल कोठून तरी वर चढून जळत आहे, असे तो सांगतो. झिजलेल्या कड्या, ओरखडे पडलेला सिलिंडर किंवा झडपेच्या दांड्याभोवतीची रुंदावलेली फट, यांपैकी काहीतरी असते. पांढऱ्या धुराची दोन रूपे आहेत आणि अनुभवी माणसेही येथे फसतात. न पेटलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो व त्याला तेलाचा उग्र वास येतो. पाण्याची वाफही पांढरीच दिसते. पण ती झोंबत नाही, आणि थोड्या अंतरावर हवेत विरून जाते. पुण्याच्या थंडीत पहाटे सुरू केलेल्या एंजिनाने पहिली काही मिनिटे पांढरा धूर सोडला, तर त्याचे काही मनावर घेऊ नये. एंजिन तापल्यावरही तो चालू राहिला, तर मात्र शोध सुरू केला पाहिजे. एकट्या धुरावरून निकाल देणारा मिस्त्री हुशार असेल, पण भरवशाचा नव्हे.

धुरानंतर आवाज. १८१६ साली पॅरिसमधील लाएनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक रोग्याच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लाविले. डॉक्टरांच्या गळ्यात दिसणारी नळी त्या सुरळीतूनच जन्मली. मिस्त्रीचे साधन याहूनही साधे असते. लांब पेचकसाचे टोक तो चालू एंजिनाच्या अंगावर टेकवितो आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतो. फिरत्या चाकापासून व पट्ट्यापासून दूर उभे राहूनच हे करावयाचे असते. हेडवर टकटक असा हलका आवाज येत असेल, तर झडपांची फट वाढलेली असण्याचा संभव असतो, आणि ती काही मिनिटांत नीट करता येते. थंड असताना वाजणारे आणि तापल्यावर शांत होणारे एंजिन दट्ट्या सैल झाल्याचे सुचविते. कारण उष्णतेने दट्ट्या प्रसरण पावतो व फट भरून निघते. परंतु खालच्या पेटीतून, ओझे पडताच वाढणारा, जड हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू आला, तर एंजिन ताबडतोब थांबवितात. क्रँकच्या बेअरिंगांचा तो आवाज असू शकतो. अशा स्थितीत एंजिन चालू ठेवले, तर जोडदांडा मोडून एंजिनाची पेटी फोडून बाहेर आल्याचीही उदाहरणे घडतात.

एंजिनाला चार-सहा सिलिंडर असतील, तर ठोका कोणत्या सिलिंडराचा हे कसे ओळखावे? मिस्त्री एकेका सिलिंडराचे डिझेल क्षणभर बंद करून पाहतो. ज्याचे तेल बंद करताच ठोका मंदावतो, तो दोषी. उलट, तेल बंद करूनही एंजिनाच्या चालीत काहीच फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीपासून काम करीतच नव्हता! हे काम जाणत्या हातांचेच आहे. पिचकारीकडे जाणाऱ्या नळीतील तेलाचा दाब इतका प्रचंड असतो, की बारीक धार हातावर आली तर ती कातडी भेदून आत शिरते.

वंगणतेलाची साक्ष बहुधा सर्वांत खरी ठरते. एंजिनाच्या पेटीत तेल मोजण्याची एक पट्टी असते. ती काढून पुसावयाची, पुन्हा घालावयाची व तेल कोठवर आले ते पाहावयाचे. तेल कमी झाले तर कोणीही चिंता करील. पण काही न ओतताच ते वाढले, तर? अशा वेळी हरखून जाणारा मालक आपला तोटा करून घेतो. तेल आपोआप वाढत नसते. त्यात डिझेल तरी मिसळलेले असते, नाहीतर पाणी. डिझेल मिसळले तर तेल पातळ होते व त्याला डिझेलचा वास येतो. पाणी मिसळले तर ते दुधी चहासारखे दिसू लागते. तेलाचा थेंब बोटांवर घेऊन उन्हात धरला असता चमचमणारे कण दिसले, तर जवळ लोहचुंबक धरतात. चुंबकाला चिकटले ते लोखंड किंवा पोलाद, म्हणजे कड्यांचे, सिलिंडराचे किंवा क्रँकचे. न चिकटणारे तांबूस कण तांबेमिश्रित बेअरिंगांचे, आणि रुपेरी कण बहुधा ॲल्युमिनियमच्या दट्ट्याचे किंवा बेअरिंगांच्या वरच्या मऊ थराचे.

आता या साऱ्या खुणा एकत्र कशा वाचावयाच्या? समजा, पुरंदर तालुक्यातील एका विहिरीवर असे एक एंजिन आहे. माघ महिना आहे, कांदा पोसू लागला आहे, आणि एंजिन दम टाकू लागले आहे. पाणी पूर्वीच्या निम्मे पडते व धुराड्यातून पांढरा धूर निघतो. शेजारचा एक जण म्हणतो, "रिंगा गेल्या, सगळे बदला." दुसरा म्हणतो, "डिझेलात भेसळ आहे." तिसऱ्याला पिचकारीचा संशय येतो. तिघांचेही म्हणणे अशक्य नाही, आणि खरा धोका तोच आहे. पहिल्याचे ऐकले, तर दट्ट्या, कड्या व सिलिंडर यांसाठी मोठा खर्च होईल आणि एंजिन कित्येक दिवस पडून राहील. कांदा तितके दिवस थांबणार नाही.

मिस्त्री येतो तो आधी धुराचा वास घेतो. धूर झोंबत नाही व लांबवर टिकत नाही. म्हणजे ती वाफ आहे. भेसळ आणि पिचकारी हे दोन संशय त्यामुळे मागे पडतात. मग तो एंजिन बंद करवितो, ते निवू देतो आणि तेलाची पट्टी काढतो. तेल वरच्या खुणेच्याही वर आले असून पांढुरके झाले आहे. पेटीच्या तळाचा बोल्ट तो किंचित सैल करतो. पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी साचते, आणि प्रथम बाहेर येते ते पाणीच. पाणी आत शिरले, एवढे ठरले, पण कोठून? मिस्त्री डिझेल बंद ठेवून एंजिन हाताने फिरविण्यास सांगतो आणि स्वतः थंड पाण्याच्या टाकीकडे पाहत बसतो. दट्ट्या वर येऊन हवा दाबू लागला, की टाकीत बुडबुडे येतात. तो खाली गेला, की थांबतात. दाबलेल्या हवेला पाण्याकडे जाणारी वाट सापडली आहे. ही वाट गॅस्केटमधून किंवा हेडला गेलेल्या चिरेतूनच असू शकते. आता हेड उतरविले पाहिजे, पण तेवढेच. खालचा दट्ट्या व क्रँक यांना हात लावण्याचे अजून कारण नाही.

हेड उतरविल्यावर गॅस्केट एका बाजूला जळून काळी पडलेली दिसते. येथे कच्चा कारागीर नवी गॅस्केट घालून मोकळा होईल. जाणता मिस्त्री हेडच्या तळावर पोलादाची सरळ पट्टी उभी धरतो व तिच्याखालून उजेड येतो का ते पाहतो. मधल्या भागात उजेडाची बारीक रेघ दिसते. हेड तापून वाकले आहे. ते का तापले? थंड पाणी आणणारी नळी तो उलगडतो, तर तिच्या तोंडाशी शेवाळाचा बोळा अडकलेला असतो. एंजिनाचे दुखणे शेवाळापासून सुरू झाले होते. नळी साफ केली, हेड सपाट करून आणले, नवी गॅस्केट बसविली, पाणी मिसळलेले तेल संपूर्ण काढून नवे भरले, की पाणी पुन्हा पाटात येते. त्या पाणीमिश्रित तेलावर एंजिन आणखी काही दिवस चालविले असते, तर बेअरिंगेही गेली असती आणि शेजाऱ्याने सांगितलेला मोठा खर्च मग खरोखरच करावा लागला असता.

मोठ्या कर्मशाळांत हीच हवेची परीक्षा अधिक नेमकेपणाने करितात. दट्ट्या अगदी वर आणून दोन्ही झडपा बंद असताना पिचकारीच्या छिद्रातून दाबलेली हवा आत सोडतात आणि ती कोठून निसटते याकडे कान देतात. धुराड्यातून फुसफुस ऐकू आली, तर धुराची झडप गळते. हवेच्या गाळणीकडून आली, तर हवेची झडप. तेल भरण्याच्या तोंडातून आली, तर कड्या किंवा सिलिंडर. आणि पाण्यात बुडबुडे आले, तर गॅस्केट किंवा हेड. एकाही झाकणाचा पेच न काढता चार प्रश्नांची चार उत्तरे मिळतात. त्याच छिद्रातून नखाएवढा कॅमेरा असलेली बारीक नळी आत सोडून सिलिंडराच्या भिंतीवरचे ओरखडेही आता पडद्यावर पाहता येतात.

विहिरीवरचे एंजिन अडले तर एका शेताचे नुकसान होते; रेल्वेचे एंजिन वाटेत बंद पडले, तर त्याच्या मागच्या साऱ्या गाड्या अडतात. पुण्यात घोरपडी येथे रेल्वेची डिझेल एंजिनांची शेड आहे. पुणे-मिरज मार्गावर, शिंदवण्याच्या घाटातून, कित्येक वर्षे डिझेल एंजिनेच गाड्या ओढीत असत. भारतीय रेल्वेवर १९६२ सालापासून आलेले 'डब्ल्यूडीएम २' हे एंजिन १६ सिलिंडरांचे व २६०० अश्वशक्तीचे. अशा एंजिनाच्या अंगाला पेचकस लावून सोळा सिलिंडरांतील एक बारीक कुरकुर ऐकावी, हे कठीणच. त्यासाठी दुसरी युक्ती निघाली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेच्या प्रयोगशाळेने १९४६ साली वापरलेल्या वंगणतेलातील धातू तपासून एंजिनाचे दोष ओळखून दाखविले. भारतातील रेल्वेच्या डिझेल शेडांतही पुढे ही पद्धत रूढ झाली.

दिवाळीच्या फुलबाज्यांत आणि चंद्रज्योतींत निरनिराळे रंग दिसतात, ते निरनिराळ्या धातूंच्या क्षारांमुळे. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ पडले, तर ज्योत पिवळी होते. ती मिठातील सोडियमची खूण. प्रत्येक मूलद्रव्य तापले असता आपला ठराविक प्रकाश देते, हे जर्मनीतील बुन्सेन आणि किरखॉफ या शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास सिद्ध केले. प्रयोगशाळेत एंजिनातील थोडेसे तेल विजेच्या ठिणगीत जाळतात व त्या प्रकाशाचे पृथक्करण करितात. दहा लाख भाग तेलात एखाद्या धातूचे चार-पाच भाग असले, तरी यंत्राला ते कळतात. डोळ्यांना चमक दिसण्याच्या पुष्कळ आधीची ही अवस्था असते. शिसे किंवा तांबे वाढू लागले, तर बेअरिंगे झिजत आहेत. लोखंड वाढले, तर सिलिंडर व कड्या. ॲल्युमिनियम वाढले, तर दट्ट्या. सोडियम आढळले, तर थंड पाण्यात घातलेली औषधी द्रव्ये तेलात उतरली आहेत, म्हणजे कोठेतरी पाणी गळते आहे. सिलिकॉन वाढले, तर ती बहुधा वाटेवरची धूळच. हवेची गाळणी तिला अडवू शकली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

एकाच वेळच्या आकड्यावरून मात्र तज्ज्ञ निर्णय देत नाहीत. ठराविक दिवसांनी पुन्हा पुन्हा नमुने घेतात आणि प्रत्येक एंजिनाची वेगळी नोंदवही ठेवतात. जुन्या एंजिनात लोखंड थोडे अधिक, पण महिनोन्‌महिने तेवढेच असेल, तर ते खुशाल धावू देतात. नव्या एंजिनात ते कमीच असेल, परंतु दर खेपेस दुप्पट होत असेल, तर तेच आधी शेडमध्ये बोलावून घेतात. त्या दिवशी त्याचा धूर स्वच्छ असतो, आवाज सुरळीत असतो आणि गाडी वेळेवर आलेली असते.